बारा फोनांचं जाकीट

एदिल्मा ओकाम्पो नोटरीच्या कचेरीसमोरच्या कोपऱ्यावर तेरा वर्षं उभी होती. बसायला तिच्याकडे प्लास्टिकचं स्टूल होतं. पण बसलं की गिऱ्हाइकाला बाई दिसत नाही, आणि बाई दिसली नाही तर फोन दिसत नाहीत. म्हणून ते स्टूलही तेरा वर्षं भिंतीला टेकून नुसतं राहिलं. अंगात पिवळं जाकीट, त्याच्या पाठीवर काळ्या अक्षरांत ‘मिनिटं’, आणि पुढे छातीपासून कमरेपर्यंत सात फोन. प्रत्येक फोनला हातभर लांबीची बारीक साखळी, आणि साखळीचं दुसरं टोक जाकिटाला शिवलेलं. ज्याला घरी, कोर्टात, सासरी बोलायचं असेल त्यानं मिनिटाचे पैसे द्यायचे आणि एदिल्माच्या अंगाशी उभं राहून बोलायचं. फोन घेऊन पळायची सोय नाही.

त्यामुळे झालं काय, की मानिसालेस शहरातली निम्मी भांडणं एदिल्माच्या कानावरून गेली. “मी पेरेइराला पोचलोय गं, कामात आहे,” असं बायकोला सांगणारा गृहस्थ तिच्या खांद्याला खांदा लावून उभा असायचा आणि मागून मानिसालेसच्या बसचा कंडक्टर मानिसालेसचेच थांबे ओरडत असायचा. मग एदिल्माच त्या कंडक्टरला हातानं गप्प करायची. तीन बायकांना दिवस गेल्याचं तिला त्यांच्या नवऱ्यांच्या आधी कळलं होतं. कुणाचा बाप गेला, कुणाचं घर गेलं, हे सगळं ऐकताना ती समोरच्या बँकेच्या घड्याळाकडे बघत राहायची. ऐकायचं आणि ऐकलंच नाही असा चेहरा ठेवायचा, हा खरा धंदा. नुसती मिनिटं काय, कुणीही विकेल.

रस्त्याच्या पलीकडे, औषधांच्या दुकानासमोर, नोएमी उभी असायची. तिच्याकडे पाच फोन. दोघी धंद्यानं एकमेकींच्या वैरिणी असायला हव्या होत्या, पण त्यांची ओळख धंद्याच्या फार आधीची. तरुणपणी दोघी कॉफीच्या गिरणीत बिया निवडायला होत्या. लांबलचक टेबलं, समोर बियांचा ढीग, आणि किडकी, काळी, आंबलेली बी बोटांनी बाजूला काढायची. एदिल्माचं बोट तिथे नावाजलेलं. डोळे मिटूनसुद्धा ती पोकळ बी ओळखायची. मुकादम इतर बायकांना टोमणे मारायचा, “तुम्ही डोळे उघडे ठेवून निवडता आणि ही झोपेत निवडते, तरी हिचीच रास स्वच्छ.” पुढे निवडायला यंत्र आलं, बायका घरी गेल्या. नोएमीच्या मुलीला, युरानीला, एदिल्मानं चर्चमध्ये मांडीवर घेतलं, धर्ममाता, म्हणजे तिची ‘माद्रिना’, झाली, आणि तेव्हापासून या दोघी एकमेकींना ‘कोमाद्रे’ म्हणायला लागल्या. आमच्याकडे कोमाद्रेचं नातं सख्ख्या बहिणीपेक्षा जड असतं, कारण बहिणीशी भांडता येतं.

जानेवारीत, शहराच्या उत्सवाची गर्दी ओसरल्यावर, नोएमी रस्ता ओलांडून आली. तिचं जाकीट उघडं होतं आणि चेहरा पांढरा.

“कोमाद्रे, जरा या. मला तुमचं बोट पाहिजे.”

नोटरीच्या जिन्याखाली झाडूवालीची बारकी खोली होती. तिथे दोघींच्या पिशव्या टांगलेल्या असत. नोएमीनं दार लावून घेतलं, ब्लाउजची दोन बटणं काढली आणि एदिल्माचा हात धरून डाव्या बाजूला, काखेच्या जरा खाली नेला.

“इथे. लागलं का काही?”

लागलं. वाटाण्याएवढं, कडक, आणि दाबलं तरी हलत नव्हतं.

“दुखतं का?”

“दुखत नाही. पण बघा ना कुठे आहे,” नोएमी म्हणाली आणि जाकिटाची डावी बाजू तिनं वर धरली. बरोबर त्या जागेवर तिचा सगळ्यात जुना फोन लटकत होता, काळा, कोपऱ्यात फुटलेला, दिवसभर सगळ्यात जास्त चालणारा. “नऊ वर्षं हा इथेच आहे. याचाच चटका बसलाय.”

एदिल्मानं त्या फोनकडे पाहिलं. हात लावला तर गरम होता. आता फोन चालला की गरम होतोच, पण त्या वेळी तिनं हात झटकन मागे घेतला. महिनाभर सकाळचा रेडिओ हेच सांगत होता. फोन छातीशी ठेवू नका, उशीखाली ठेवू नका, रेडिएशन आहे, लहरी आहेत. कुणी म्हणे अमुक ठिकाणी लोकांनी अँटेना पाडली, कुणी म्हणे डॉक्टर लोक हे लपवून ठेवतात. बोलणारा भरभरून बोलायचा, नाव-गाव काही सांगायचा नाही. खुद्द नोटरीबाई हल्ली फोन पर्समध्ये ठेवून पर्स मेलेला उंदीर धरल्यासारखी अंगापासून लांब धरून चालायच्या.

“डॉक्टरला दाखवा,” एदिल्मा म्हणाली. हे ती म्हणाली, हे तिनं नंतर स्वतःला पुष्कळदा सांगितलं. पण ती ते एकदाच म्हणाली, आणि तेही हळू.

“डॉक्टरला? पहाटेपासून टोकनसाठी उभं राहायचं, मग विम्याची मंजुरी, मग दुसऱ्या रांगेत दुसरी मंजुरी. माझी आई त्या दवाखान्यात चालत गेली होती, ठाऊक आहे ना तुम्हाला? चालत गेली होती, कोमाद्रे.” नोएमी बटणं लावत होती. “आणि जाऊन काय सांगणार ते? म्हणतील, फोन काढा. ते मला मंजुरीशिवायही कळतं. पण फोन काढले तर खाऊ काय?”

एदिल्माला आता वाटतं की त्या खोलीत उभं राहून तिनं आणखी दोन शब्द बोलायला हवे होते. पण पाय दुखत होते, बाहेर एक गिऱ्हाईक हाका मारत होतं, आणि समोर उभ्या असलेल्या बाईला घाबरलेलं बघवत नव्हतं. अशा वेळी माणसाला काहीतरी करून दाखवावंसं वाटतं. बोलण्यापेक्षा ते सोपं असतं.

“द्या इकडे,” ती म्हणाली.

“काय?”

“फोन. पाचही. मी वाहते. तुम्ही तिकडून गिऱ्हाईक पाठवा, मी इथे बोलायला देते. गाठ बसली की परत न्या.”

“आणि तुम्हाला काही झालं म्हणजे?”

“मला काय होणार आहे? मला रेडिएशन आलं तरी ते पाय दुखून बसेल.”

नोएमी हसली आणि मग रडली. दुपारी एदिल्मानं पाचही साखळ्या आपल्या जाकिटाला शिवून घेतल्या.

आता तिच्या अंगावर बारा फोन झाले. ‘झाड आलं, झाड आलं,’ म्हणून औषधांच्या दुकानातल्या पोरी तिला चिडवायच्या. जाकीट इतकं जड झालं की खांद्यावर शिवण रुतायची. नोएमी पलीकडे स्टुलावर बसून खणखणीत आवाजात ‘मिनिटं, मिनिटं, सगळ्या कंपन्यांची मिनिटं!’ ओरडायची, आणि कुणी थांबलं की बोट दाखवायची, “त्या पिवळ्या बाईकडे जा.” खरं म्हणजे थांबणारेच कमी झाले होते. ज्याच्या त्याच्या खिशात स्वतःचा फोन आला होता. उरली होती ती म्हातारी माणसं, शिल्लक संपलेले, आणि ज्यांना आपला नंबर दुसऱ्या टोकाला दिसायला नको होता असे लोक. धंदा सरत आला होता, आणि एदिल्मा तो बारा फोनांनी ओढत होती.

दर शुक्रवारी दुपारी दोघी जिन्याखालच्या खोलीत जायच्या. नोएमी बटणं काढायची, एदिल्मा बोट लावायची.

“काय म्हणतंय?”

“आहे तेवढीच आहे.”

फेब्रुवारीत तर एकदा एदिल्माला ती खरोखरच लहान वाटली. “उतरतेय वाटतं,” ती म्हणाली, आणि नोएमीनं तिच्या दोन्ही गालांचे मुके घेतले, दुकानातून दोन मोठे अरेपा, मक्याच्या जाड भाकऱ्या, आणले, वर चीज घालून. दोघींनी ते पायरीवर बसून खाल्ले. त्या दिवशी एदिल्माला आपल्या खांद्यांचं दुखणं काही वाटलं नाही. एखाद्याच्या अंगातलं विष आपण आपल्या अंगावर घेतलं आणि ते तिथून निघून चाललंय, याचा एक अभिमान असतो. तो तिला होता, आणि तिनं तो कुणापाशी बोलून दाखवला नाही.

मार्चमध्ये चष्मे विकणारा हिल्दार्दो सोनेरी स्टिकर घेऊन आला. जपानहून आलेत म्हणाला. फोनच्या पाठीवर एक चिकटवा, सगळ्या लहरी आत अडकतात.

“अडकून मग जातात कुठे?” एदिल्मानं विचारलं.

“जपानला,” हिल्दार्दो म्हणाला. “घेताय का नाही?”

तिनं बारा घेतले. नोएमीनं आणखी डोकं लढवलं. कॉफीच्या पुड्यांच्या आतला चंदेरी कागद महिनाभर साठवला, धुऊन वाळवला, आणि एदिल्माच्या जाकिटाला आतून अस्तर शिवून दिलं. चालताना एदिल्मा चुरचुर वाजायला लागली, आणि दुपारी तापलं की अंगाला शिळ्या कॉफीचा वास. पण नोएमीनं ते इतक्या बारीक टाक्यांनी शिवलं होतं की नको म्हणवेना.

गंमत अशी, की त्या दिवसापासून फोन दुपारी बारालाच मान टाकायला लागले. बोलताना आवाज तुटायचा, गिऱ्हाईक चिडायचं, फोन निखाऱ्यासारखे तापायचे. शेवटी एदिल्मा पलीकडच्या बोळातल्या दुरुस्तीवाल्याकडे गेली. वाल्थर हा सावकाश बोलणारा, डोळ्याला भिंग लावून बसणारा माणूस. त्यानं स्टिकर पाहिले, जाकीट उलटं करून अस्तर पाहिलं, आणि भिंग काढून ठेवलं.

“एदिल्माबाई, हे तुम्हाला कुणी करायला सांगितलं?”

“का? वाईट आहे?”

“फोनला टॉवरशी बोलायचं असतं. तुम्ही त्याच्या तोंडावर उशी धरलीत. मग तो आणखी मोठ्यानं ओरडणार. म्हणून बॅटरी जातेय. ज्याला तुम्ही भिताय ते यानं वाढलं असेल तर वाढलंच असेल, कमी नाही झालं.” त्यानं नखानं एक स्टिकर उचकटून टाकला. “आणि मला जेवढं कळतं तेवढं सांगतो. फोन नुसता लटकत असतो तेव्हा तो मधूनच एखादा हुंकार देतो. ओरडतो तो बोलताना, आणि तेव्हा तो तुमच्या छातीवर नसतो, गिऱ्हाइकाच्या कानाला असतो. पण तुम्हाला हे सगळं कशाला? दुखतंय का काही?”

“मला नाही,” एदिल्मा म्हणाली.

वाल्थरनं भिंग पुन्हा डोळ्याला लावलं. “मग ज्यांना दुखतंय त्यांना दवाखान्यात पाठवा. मी बॅटऱ्या बदलतो, बाई.”

परत येताना तिनं ठरवलं होतं की आज बोलायचं. पण पलीकडून नोएमीनं हात हलवून विचारलं, “काय म्हणाला?” आणि एदिल्मा म्हणाली, “बॅटऱ्या जुन्या झाल्यात म्हणाला.” अस्तर तिनं घरी जाऊन उसवलं, आणि नोएमीला वाईट वाटू नये म्हणून पाठीकडचा तुकडा तसाच ठेवला.

मग मे महिन्यातला तो शुक्रवार आला. पाऊस लागून राहिला होता, रस्त्यावर कुणी नव्हतं. खोलीत झाडूवालीच्या फिनेलचा वास होता. नोएमीनं बटणं काढली, एदिल्मानं बोट लावलं, आणि बोटाला लगेच कळलं. वाटाणा आता वाटाणा राहिला नव्हता. कडा वेड्यावाकड्या झाल्या होत्या आणि वरची कातडी जराशी ओढल्यासारखी. गिरणीत अशी बी हाताला लागली असती तर तिनं ती बघितलीही नसती, सरळ टोपलीत टाकली असती.

“काय म्हणतंय?” नोएमीनं विचारलं.

एदिल्मा तिच्या चेहऱ्याकडे बघत नव्हती. भिंतीवर टांगलेल्या पिशव्यांकडे बघत होती. पाच महिने बारा फोन वाहिले, त्याचं काय, हा विचार तिच्या मनात आला. तिच्या मनात आला हे तिला लपवायचं नाही. नोएमीचा विचार नंतर आला.

“तेवढीच आहे,” ती म्हणाली.

“हो ना?”

“हो.”

“मला वाटलंच,” नोएमी म्हणाली आणि बटणं लावली.

त्यानंतर शुक्रवारी एदिल्मा काही ना काही निमित्त काढायला लागली. गिऱ्हाईक आहे, हात गार आहेत. नोएमीही फार आग्रह करेनाशी झाली.

सप्टेंबरात युरानी काली शहरातल्या नोकरीवरून सुट्टीवर आली. आईला डावा हात वर करून केस बांधता येत नाहीत हे तिनं पहिल्याच सकाळी पाहिलं. दुपारी ती एदिल्माच्या कोपऱ्यावर उभी होती.

“माद्रिना, तुम्हाला ठाऊक होतं?”

एदिल्मानं मान हलवली.

“जानेवारीपासून?”

“जानेवारीपासून.”

“आणि तुम्ही दोघी मिळून काय करत होतात? फोन इकडून तिकडे टांगत होतात?” युरानीचा आवाज चढला. फोनवर बोलणारा एक म्हातारा घाबरून ‘नंतर करतो’ म्हणाला आणि साखळीतला फोन सोडून गेला. “तुम्ही तरी शहाण्या आहात असं मला वाटायचं, माद्रिना.”

एदिल्मानं लोंबकळणारा फोन उचलून जागेवर अडकवला.

डॉक्टरकडे तिघी गेल्या. विम्याच्या मंजुऱ्या युरानीनं भांडून मिळवल्या, तरी त्याला तीन आठवडे गेले. डॉक्टरीण तरुण होती, डोळ्यांखाली काळं आलेलं, आधीच्या चाळीस माणसांचा थकवा तिच्या खुर्चीत बसलेला. तिनं तपासलं आणि हात धुता धुता विचारलं, “हे कधीपासून आहे?”

“जानेवारीपासून,” नोएमी म्हणाली.

“मग इतके महिने काय केलंत?”

“इलाज चालू होता की, डॉक्टर. फोन काढून ठेवले होते.”

डॉक्टरिणीनं टॉवेल ठेवला. ती खुर्चीत बसून लिहायला लागली. ते तिचं लिहिणं एदिल्माला आजही सगळ्या बोलण्यापेक्षा जास्त आठवतं.

सुई झाली, फोटो झाले, ऑक्टोबरात केमो सुरू झाली. गाठ काखेत पसरली होती. पहिल्या केमोनंतर नोएमीचे केस उशीवर आले, दुसऱ्यानंतर जिभेची चव गेली. आणि तिसऱ्याच्या आधी ती अडून बसली.

“मी नाही जाणार.”

“आई, वेड्यासारखं करू नका,” युरानी म्हणाली. ती आता नोकरी सोडून आली होती.

“आधी कोमाद्रेंची तपासणी. माझे पाच आणि त्यांचे सात. माझं जे व्हायचं ते होईल, पण माझ्या फोनांनी त्यांना काही झालं तर मी वर जाऊन काय तोंड दाखवू? त्या तपासून आल्या की मी त्या सुईला हात पुढे करीन. तोवर नाही.”

एदिल्मानं नाही म्हणून पाहिलं. मला काही होत नाही, पायच तेवढे दुखतात. पण नोएमी गिरणीतल्या दिवसांपासून हट्टी. मग एदिल्मा टोकन काढायला पहाटे पाचला रांगेत उभी राहिली, अंगावर जाकीट नव्हतं म्हणून हलकं आणि उघडं वाटत होतं. फोटोच्या यंत्रात छाती दाबली तेव्हा तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. डोकं, रक्त, सगळं पाहिलं. युरानीनं भांडून तेही करवून घेतलं.

डिसेंबराच्या पहिल्या आठवड्यात अहवाल आला. तीच डॉक्टरीण. तिनं कागद वाचला आणि त्या दिवशी बहुतेक पहिल्यांदा हसली.

“सेन्योरा एदिल्मा, काही नाही. एकदम स्वच्छ. थोडं रक्त कमी आहे आणि पायांच्या शिरा फुगल्यात. बसत जा.”

“काहीच नाही?”

“काहीच नाही. का, काय व्हायला हवं होतं?”

“मी बारा फोन वाहिले, डॉक्टर. आठ महिने. त्याच्या आधी बारा वर्षं सात.”

डॉक्टरिणीनं पेन खाली ठेवलं. “एका माणसावरून काही ठरत नाही. फोनांमुळे असं होतं हे अजून कुणी सिद्ध केलेलं नाही, आणि होतच नाही अशी शपथ मी खाणार नाही. पण एक गोष्ट मला पक्की माहीत आहे. गाठ लागली तर पहिल्या आठवड्यात...” ती थांबली. एदिल्माकडे पाहून तिला पुढे बोलवेना.

बाहेर आल्यावर एदिल्मा दवाखान्याच्या पायरीवर बसली. आपण सुटलो याचा आनंद तिला होत नव्हता, आणि हे तिला फार वाईट वाटलं. खरं सांगायचं तर तिनं मनात आशा धरली होती की काहीतरी निघेल. मोठं नको, लहानसं, औषधानं जाणारं. म्हणजे मग ते फोन खरोखरच जड ठरले असते, तिनं खरोखरच काहीतरी उचललेलं असतं. आता कागद सांगत होता की तिनं काहीच उचललं नव्हतं. कोमाद्रेचे आठ महिने फक्त वाया गेले होते, आणि ते तिनं आपल्या हातानं साखळीला बांधले होते.

कागद फाडून टाकावा असंही तिच्या मनात आलं. सांगावं, थोडं निघालंय, गोळ्या दिल्यात. कोमाद्रेला बरं वाटेल का वाईट, याचा तिनं विचार केला, आणि विचार करायचाही कंटाळा आला. मग ती उठली आणि नोएमीच्या घराकडे, चिप्रे वस्तीच्या चढाला लागली. चढ सरळ छातीवर येतो तिथला. मधे दोनदा थांबली.

नोएमी खिडकीपाशी बसली होती, डोक्याला निळा रुमाल. युरानी औषध आणायला गेली होती. नोएमीनं हात पुढे केला आणि कागद घेतला, चष्मा लावून शब्दन् शब्द वाचला. मग छातीवर क्रॉस केला.

“देवा, देवा. काही नाही! कोमाद्रे, काही नाही!” ती हसत होती, रडत होती. “बसा, बसा. गुळाचं पाणी गरम आहे, घ्या. मी रोज रात्री... जाऊ दे. काही नाही!”

एदिल्मा बसली. गुळाचं पाणी दोन्ही हातांत धरून राहिली. नोएमीनं कागद पुन्हा वाचला. मग गुडघ्यावर ठेवून हातानं सपाट केला, आणि बराच वेळ सपाट करत राहिली.

“म्हणजे फोनांचं काही नव्हतं,” ती म्हणाली.

“डॉक्टरीण म्हणाली, एका माणसावरून ठरत नाही.”

“नव्हतंच की. तुम्ही बारा वाहिलेत.” नोएमी खिडकीबाहेर बघत होती. “म्हणजे मला जानेवारीतच जायला हवं होतं.”

एदिल्माला वाटलं होतं की हे वाक्य आपण सहन करू शकणार नाही. पण ते ऐकून झालं आणि ती तशीच बसलेली होती, भांडं हातात.

“हो,” ती म्हणाली. आणि एकदा तोंड उघडलंच होतं म्हणून पुढेही म्हणाली, “मेमध्ये ती वाढली होती, कोमाद्रे. माझ्या बोटाला कळलं होतं. मी तुम्हाला खोटं सांगितलं. आणि त्याच्या आधी वाल्थरनंही मला सांगितलं होतं, दवाखान्यात पाठवा म्हणून. तेही मी तुम्हाला सांगितलं नाही.”

नोएमीनं मान वळवली. रागावलेली नव्हती. फार दमलेली होती.

“मला नसेल का कळलं?” ती म्हणाली. “माझंच अंग आहे. रोज आंघोळीला हात लागत होता. तुम्ही ‘तेवढीच’ म्हणालात की मला शुक्रवार ते शुक्रवार झोप लागायची. तेवढ्यासाठी विचारत होते मी.”

खाली रस्त्यावर कुणीतरी दाराला नाताळची माळ बांधत होतं, खिळा ठोकल्याचा आवाज येत होता.

मग नोएमीनं रुमाल जरा मागे सारला, ब्लाउजचं वरचं बटण काढलं आणि एदिल्माचं मनगट धरलं. हात गळ्याखालच्या हाडाच्या वर नेला, डाव्या बाजूला, मानेच्या बुडाशी.

“इथे बघा. परवापासून मला वाटतंय. युरानीला सांगितलं नाही.”

“कोमाद्रे...”

“गिरणीत बघायच्या तशी बघा. आणि खरं सांगा.”

एदिल्मानं डोळे मिटले. बोट फिरवलं, एकदा सावकाश, मग परत त्याच जागी. बोट म्हातारं झालं होतं, पण त्याला अजून कळत होतं.

“आहे,” ती म्हणाली. “हरभऱ्याएवढी. हलत नाही.”

नोएमीनं श्वास सोडला, जणू कुणीतरी बराच वेळ धरलेली पिशवी खाली ठेवली. तिनं बटण लावलं.

“उद्या जाऊ,” ती म्हणाली. “टोकनला किती वाजता उभं राहायचं?”

“पाचला. मी साडेचारला येते.”

“स्टूल घेऊन या तुमचं. रांग मोठी असते.”